दात बघून घेतलेला ट्रॅक्टर

जुना ट्रॅक्टर घ्यायचाय असं ज्या दिवशी घरात बोललो त्या दिवसापासून मला कुणी सुखानं जेवू दिलेलं नाही. बार्शी तालुक्यात आमचं नऊ एकर रान, त्यातलं पाच एकर काळं भारी, पाऊस झाला की चप्पल रानात राहते आणि माणूस तेवढा बांधावर येतो. आजवर भाड्याच्या ट्रॅक्टरवर भागवलं, पण भाडेवाल्याचं कसं असतं, वापसा आला, म्हणजे रान औताजोगं सुकलं, की त्याचा फोन बंद, आणि फोन लागला की आपला वापसा गेलेला. नवीन घ्यावा तर सात-आठ लाख. बायको म्हणाली हप्ता कोण भरणार, मी म्हणलं सोयाबीन भरेल, तर ती काही बोलली नाही, नुसती हसली. त्या हसण्यावर मी नवीन ट्रॅक्टरचा विषय कायमचा सोडला.

शेवटी दोन ठरले. एक लाल, करमाळ्याकडचा, चार सिलिंडर, पंचेचाळीस एचपी, २०१४ चा, सांगायला तीन चाळीस. दुसरा निळा, भूमकडचा, तीन सिलिंडर, चाळीस एचपी, २०१२ चा, सांगायला दोन ऐंशी. आता हे दोन रंग गावात बोलून दाखवायची चूक मी पारावर केली. लाल म्हणजे महिंद्रा, निळा म्हणजे स्वराज, आणि आमच्याकडं महिंद्रावाले आणि स्वराजवाले अशा दोन पार्ट्या आहेत, ग्रामपंचायतीत एकवेळ युती होईल पण इथं नाही. एक म्हणणार चार सिलिंडरचा आवाज कसा मऊ, दुसरा म्हणणार मऊ आवाज काय चाटायचाय का, डिझेल कुणाच्या घरचं जाळणार. मी मध्येच शहाणपणा केला की अहो १९७४ ला पंजाबात स्वराजचे ट्रॅक्टर निघाले हे खरं, पण ती कंपनी २००७ मध्येच महिंद्राने घेतली, आता दोन्ही एकाच घरातले. सगळे दोन मिनिटं गप्प. मग आमचे तात्या म्हणाले, "एका घरात असले म्हणून काय झालं? भांडणं भावकीतच असतात." झालं, पुन्हा सुरू.

तात्या म्हणजे माझे चुलते, वय बहात्तर. ट्रॅक्टरवर आयुष्यात कधी बसले नाहीत, पण बैलातला शब्द त्यांचा. खोंड आदत म्हणजे दुधाच्या दातांचा आहे का दुसा म्हणजे दोन दाती, चौसा म्हणजे चार दाती आहे का सगळे दात येऊन जुळलाय, हे ते लांबून चालीवर सांगायचे आणि मग दात बघून खात्री करायचे. मी मिस्त्रीला घेऊन निघालो तर हे आधीच गाडीत पुढच्या सीटवर, खांद्यावर टॉवेल टाकून. म्हणलं तात्या, ट्रॅक्टरला दात नसतात. म्हणाले, "बघू तर."

करमाळ्याचा लाल असा उभा केला होता की नवरदेव झक मारेल. नवा रंग, नवी सीट, बॉनेटवर मालकाच्या दोन्ही पोरांची नावं रेडियमनं, मागं आईची कृपा. मालक म्हणे फक्त घरच्या शेतीला वापरलाय. घरची शेती किती, तर तीन एकर. मग ट्रॉलीचा हूक एवढा घासून अर्धा कसा झाला, असं मिस्त्रीनं विचारलं तर मालकाला फोन आला. ऊस ओढून ओढून त्या बिचाऱ्याची पार कंबर गेलेली, यात कंपनीचा काय दोष. इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं अवर मीटर चौदाशेवर थांबलेलं. कधी बंद पडलं? "आत्ताच, मागच्याच महिन्यात." जुन्या ट्रॅक्टरचं मीटर नेहमी मागच्याच महिन्यात बंद पडतं, हा काय योग आहे कळत नाही.

मिस्त्री खाली बसला आणि क्लचच्या पायडलवर बोट ठेवलं. रबर कधीच गेलेलं, खालचं लोखंड झिजून आरशासारखं चकचकीत आणि एका कडेला चक्क उतार पडलेला. म्हणाला, रंग नवा मारता येतो, सीट बदलता येते, पायडल कुणी बदलत नाही. तात्या पुढं आले, वाकून बघितलं, अंगठा फिरवला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "हे बघ दात. जुळून दहा वर्षं झाली याला."

मी पण मग उगाच बॉनेटवर हात ठेवला, आपल्यालाही काही कळतं असं दाखवायला, तर ते गरम. सकाळचे साडेआठ. म्हणजे आम्ही यायच्या आधी चालू करून, धूर काढून, पुन्हा बंद करून ठेवलेला. गार इंजिन पहिल्यांदा कसं उठतं तेच तर बघायचं असतं. मालक म्हणे ऊन लागलं असेल. सावलीत उभा होता.

तरी मिस्त्रीनं नांगर उचलायला लावला, इंजिन बंद केलं आणि म्हणाला आता चहा सांगा. मला वाटलं याला तलप आली. चहा आला. पहिल्या घोटाला नांगर गुडघ्याएवढा वर होता, बशीतला संपेस्तोवर नडगीला आला, आणि मालक हायड्रॉलिक कसं एक नंबर आहे हे सांगत असतानाच मागं बारीक आवाज झाला, नांगर जमिनीला टेकला. कुणीच काही बोललं नाही. तात्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बसका निघाला."

भूमचा निळा दिसायला अगदीच गबाळा. गोठ्याशेजारी उभा, अंगावर कोंबड्यांची शीट, बॉनेट गार, एका बाजूच्या एक्सलमधून तेल पाझरलेलं. मालक तात्यांच्याच वयाचे, म्हणाले सील गेलंय, बदलायला लागेल, मागचे टायर पण गुळगुळीत झालेत. तेरा सहा अठ्ठावीसची नवी जोडी म्हणजे एका म्हशीचे पैसे, पण माणूस आपणहून सांगतोय याचंच मला इतकं नवल वाटलं की मला संशय यायला लागला. तिसऱ्या सेल्फला उठला, पांढरा धूर टाकला, खोकला, मग साफ झाला. ऑइलचं झाकण काढून बघितलं, पास मारत नव्हता, म्हणजे तिथून धूर उसळत नव्हता. नांगर उचलला, चहा घेतला, नांगर जाग्यावर. मी मुद्दाम दुसरा चहा मागितला. तरी जाग्यावर.

कागदात मात्र गोम होती. कर्ज फिटलेलं पण आरसीवरचा बोजा उतरवलेलाच नाही. म्हणजे आता बँकेची एनओसी, फॉर्म पस्तीस, मग नावावर करायला एकोणतीस आणि तीस, आणि आरटीओला किती खेपा ते देव जाणे. शिवाय २०२७ ला पंधरा वर्षं भरणार, मग पुन्हा पासिंग. मी हे सगळं मांडून घासाघीस करायची म्हणून घसा साफ केला, तर तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. समोरच्या मालकाचे डोळे असे चमकले! दोघांनी टॉवेलखाली हात घातले आणि बैलबाजारातल्यासारखी बोटं दाबायला लागले. एकमेकांकडं बघत पण नव्हते, एक आभाळाकडं, एक कोंबड्यांकडं. मी विचारलं कितीला? तात्या म्हणाले, "तू गप." पैसे माझे, ट्रॅक्टर मला घ्यायचा, आणि मला आकडा कळला गाडीत बसल्यावर. दोन पंचावन्न.

संध्याकाळी घरी आणला. आईनं ओवाळलं, नारळ फुटला, लालवाल्या पार्टीतलं एकजण येऊन "धूर जरा जास्त वाटतोय" म्हणून गेलं. सगळे झोपल्यावर मात्र मला काही झोप येईना. झोपायच्या आधी मी नांगर वर उचलून ठेवला होता. दोन चहांपुरता टिकला हे खरं, पण रात्रभर टिकेल का? बारा वाजता बॅटरी घेऊन बघून आलो, ठीक वाटला. तीनला पुन्हा गेलो, तर नांगराखाली कुणीतरी वाकलेलं. तात्या होते, अंधारातच जमिनीपासून वीत घालून मोजत.

म्हणाले, "हळू बोल. झोपताना तीन विती आणि चार बोटं होता, आत्ता मोजतोय."