पासबुकातली ५९० रुपयांची ओळ

मागच्या बुधवारी डिचोलीच्या बाजाराला गेले होते. भावाचं पासबुक पिशवीत होतं, म्हटलं जाता जाता भरून घेऊ. मशीनमधून बाहेर आल्यावर रांगेत उभ्या उभ्याच वाचलं. गोवा सरकारच्या 'दयानंद' पेन्शनचे दोन हजार जमा. त्याच्या खाली ५९० वजा. त्याच्याही खाली पुन्हा ५९० वजा. शिल्लक ८२०.

दोन कर्जांचे दोन हप्ते पाच तारखेला खात्यावर येऊन रिकाम्या हाताने परत गेले होते. त्याचा दंड प्रत्येकी पाचशे, वर अठरा टक्के जीएसटी. तेव्हा खात्यात काहीच नव्हतं म्हणून बँकेने दंड उधार मांडून ठेवला आणि पेन्शन पडल्या पडल्या उचलला. हप्त्यात गेले असते तर म्हटलं असतं, चला, तेवढं कर्ज तरी कमी झालं. पण यातला एक रुपयाही कर्जात गेला नाही. तिकडे फायनान्स कंपनीने बाउन्सचा आपला दंड वेगळा लावलाच.

माझा धाकटा भाऊ खाणीवरचा ट्रक चालवायचा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत बंद. डिचोली-सत्तरीत त्या काळात अंगणात गंजत उभे राहिलेले ट्रक ज्यांनी पाहिले, त्यांना कर्ज म्हणजे काय हे मी सांगायला नको. भाऊ पुढे दुसऱ्याच्या पिकअपवर लागला. बेळगावहून चोर्ला घाटातून भाजी आणायची, पहाटे माल उतरायचा. दीड वर्षापूर्वी त्याच घाटात अपघात झाला आणि डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

आता कर्जाचं. लोक पहिला प्रश्न तोच विचारतात, "पण कर्ज काढलं कशाला?" एक पर्सनल लोन मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. दुसरं चवथीच्या आधी घेतलेल्या टीव्हीचं. हो, टीव्हीचं. गणपतीला मुंबईची माणसं घरी येणार, जुना टीव्ही बंद पडलेला, दुकानदार म्हणाला शून्य डाउन पेमेंट. पाय जाण्याआधी एकही हप्ता चुकला नव्हता. ज्यांना या टीव्हीबद्दल नाक मुरडायचं आहे त्यांनी आपल्या हॉलमधला टीव्ही कसा आला ते आधी आठवावं.

हप्ते थकले तसे फोन सुरू झाले. सकाळी सातला, रात्री नऊला. भावाने उचलला नाही तर भावजयीला, तिने नाही तर मला. माझा नंबर त्याने फॉर्मवर ओळखीची व्यक्ती म्हणून दिला होता, जामीनदार म्हणून नव्हे. मी निवृत्त शिक्षिका. मला फोनवर "मॅडम, आप के भाई को शरम नहीं है क्या?" असं ऐकवण्यात आलं. एके दिवशी दोघेजण मोटरसायकलवरून वाड्यावर आले आणि घर माहीत असताना मुद्दाम पोसऱ्यावर, म्हणजे दुकानावर, चढून विचारत बसले, "वो लोन वाला पंगू किधर रहता है?"

त्यानंतर मी काय केलं? गुपचूप दोन हप्ते माझ्या पेन्शनमधून भरले. भावाच्या काळजीने नव्हे. शेजाऱ्यांनी पुन्हा ऐकू नये म्हणून. हे लिहिताना अजून बरं वाटत नाही, पण वसुलीचा सगळा धंदा या एकाच गोष्टीवर चालतो म्हणून लिहिते आहे. त्यांच्याकडे कोर्टाचा कागद नसतो, जप्तीचा हुकूम नसतो. वाडा ऐकतो आहे, एवढंच त्यांच्या हातात असतं. आणि आपण दरवाजा लावून घेऊन ते हत्यार त्यांना धार लावून देतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी म्हापशाला वकिली करते. तिला सांगितलं तर ती हसलीच. म्हणाली, "बाई, सात वाजल्यानंतरचे कॉल रेकॉर्ड करून ठेवा." रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्येच लेखी सांगून ठेवलं आहे: सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी नाही. चारचौघांत अपमान नाही. घरच्यांना, मित्रांना, फॉर्मवर नाव दिलेल्या ओळखीच्या माणसांना त्रास नाही. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी बँकेची किंवा कंपनीची. सुप्रीम कोर्टाने तर २००७ मध्ये प्रकाश कौर खटल्यात वसुलीसाठी गुंड पाठवणाऱ्या बँकेला झापलं होतं. मोबाइल ॲपवरून कर्ज घेतलं असेल तर त्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो उघडायलाही बंदी आहे. म्हणजे माझ्याशी झालेला तो सगळा संवादच बेकायदा होता, आणि मी त्याच्याबद्दल दोन हप्ते मोजले होते.

दुसरी भीती घराची. "सामान उचलून नेऊ." भावजयीने मंगळसूत्र माझ्याकडे आणून ठेवलं होतं, तेही रात्री. तारण नसलेल्या कर्जासाठी कुणीही एजंट घरातली वाटीसुद्धा उचलू शकत नाही. आधी दिवाणी कोर्टात दावा, मग हुकूमनामा, मग जप्ती. आणि जप्तीतही दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धर्मरिवाजाप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, हे सगळं त्यातून बाहेर. १९०८ चा कायदा, इंग्रजांचा. शंभर वर्षांहून जास्त काळ मंगळसूत्राला कायद्याने संरक्षण आहे आणि माझी भावजय ते रुमालात गुंडाळून काळोखातून घेऊन येते!

(घर किंवा गाडी तारण असेल तर गोष्ट वेगळी. घरासाठी सरफेसी, म्हणजे कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याच्या, कायद्याखाली आधी साठ दिवसांची नोटीस येते. ती आली तर थांबू नका, वकील गाठा.)

मग आम्ही फायनान्स कंपनीला पत्र लिहिलं. मराठीत लिहिलं, विद्यार्थिनीने इंग्रजी करून दिलं. उत्पन्न थांबलं आहे, अपंगत्वाचा दाखला सोबत, हप्ता कमी करून मुदत वाढवा, फोन फक्त ठरलेल्या वेळेत आणि फक्त कर्जदाराला करा. रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पोचपावती जपून ठेवली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. ऑनलाइन जमत नसेल तर चंदीगडच्या केंद्राला साधं पोस्टाचं पत्र चालतं, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. पतसंस्थेचं कर्ज असेल तर लोकपाल नाही, सहकार निबंधकाचं दार ठोठवायचं. आमची तक्रार लोकपालाकडे जायची वेळच आली नाही. पत्र गेल्यावर बाराव्या दिवशी एक सभ्य आवाजाचा माणूस फोनवर आला. तोपर्यंत आमच्याशी बोलणारे कुठून आणले होते कोण जाणे.

त्या माणसाने लगेच 'सेटलमेंट', म्हणजे कमी रकमेवर तडजोड, हीही पुढे केली. एक सावधगिरी: अशाने कर्ज मिटतं, पण सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' लागतं, आणि पुढे दुसऱ्या बँकेत ते आड येतं. लेखी पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नये. लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरून अर्धमेले होऊ नका, ती तडजोडीसाठी असते. मात्र तिथे मान्य करून सही केलेल्या निवाड्यावर अपील नाही, तेव्हा जमेल तेवढीच रक्कम कबूल करा. अपंग माणसाला १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा.

आता पुन्हा पासबुक. ५९० च्या ओळी शोधताना मागच्या पानावर आणखी एक ओळ दिसली, मे अखेरची: २० रुपये वजा. भावाला विचारलं तर म्हणाला, "बँकेवाले कसले तरी वीस रुपये कापतात दर वर्षी." ते कसले तरी म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाला तर एक लाख. अपघाताच्या दिवशी विमा चालू होता. घरात एक लाखाचा कागद असताना आम्ही पाच महिने आठ हजारांच्या हप्त्यासाठी तोंड लपवत होतो. विम्याच्या दाव्याच्या फॉर्मवर लिहिलं आहे की शक्यतो तीस दिवसांत द्यावा. बँकेतल्या मुलीने "उशीर झालाय" म्हणून परत केला, आम्ही 'शक्यतो' या शब्दाखाली पेनने रेघ ओढून पुन्हा दिला. एफआयआर आणि सत्तर टक्के अपंगत्वाचा दाखला जोडला. अजून निकाल नाही. पिकअपच्या मालकाकडून कामगार भरपाईचा दावाही उभा राहतो, दोन वर्षांच्या आत करायचा असतो. तो माणूस वीस हजार हातात ठेवून "आपण घरचे" म्हणून गेला, त्यावर वेगळं लिहीन.

दाखल्यासाठी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात कदंब बसने तीन फेऱ्या झाल्या, कुबड्यांसह. चाळीस टक्के म्हणजे उंबरठा, त्याच्या वर लाभ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २४ आहे: अशाच योजनेत इतरांना जे मिळतं त्याहून दिव्यांगाला निदान २५ टक्के जास्त द्यायचं. पणजीत दरवर्षी दिव्यांगांचा पर्पल फेस्ट होतो, चांगला होतो, मी गेले आहे. पण तिथून परतणाऱ्याच्या पेन्शनमधून बँक दंड कापते, हे कुठल्याच मांडवात ऐकलं नाही. दयानंद योजना ज्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाने आहे ते स्वतः खाणमालक होते, आणि आज त्या पैशांवर खाणीतून फेकले गेलेले ड्रायव्हर जगतात. त्यांना हे कसं वाटलं असतं, असं कधी कधी मनात येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे पैसे जगण्यासाठी दिलेले आहेत, कुणाच्या वसुलीसाठी नव्हेत. सरकारने पेन्शनच्या खात्यावर कुठलाही दंड, कुठलाही ऑटो डेबिट लागणार नाही असा एक ओळीचा आदेश काढायला हवा. तोवर आम्ही आमची सोय केली. दुसऱ्या बँकेत झीरो बॅलन्सचं साधं खातं उघडलं आणि समाजकल्याण खात्यात अर्ज देऊन पेन्शन तिकडे वळवली. जुन्या खात्यावरचं मँडेट, म्हणजे हप्ता आपोआप कापायची परवानगी, बंद करण्याचा अर्ज बँकेला दिला आणि कंपनीलाही लेखी कळवलं. चोरून करू नका. चेक बाउन्ससारखी हप्ता बाउन्सचीही फौजदारी तक्रार होऊ शकते, म्हणून कागद आपल्या बाजूने असावा.

आणि 'सगळेच असं करायला लागले तर बँका बुडतील' म्हणणाऱ्यांना एक माहिती. कंपन्यांनी कर्ज बुडवलं तर त्यांच्यासाठी २०१६ चा दिवाळखोरी कायदा आहे, त्यात बँका कोट्यवधींवर पाणी सोडतात, त्याला गोड नाव आहे 'हेअरकट'. त्याच कायद्यात गरिबासाठी 'फ्रेश स्टार्ट' नावाचं प्रकरण आहे. वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत, स्वतःचं घर नाही, तर कर्जातून सुटका. मर्यादा बघून हसू येतं. पण तेवढंसुद्धा अजून लागू केलेलं नाही. कंपन्यांचा भाग चालू होऊन वर्षं लोटली, गरिबाचा छापून तसाच पडून आहे.

परवा संध्याकाळी भावाकडे होते. सात वाजून वीस मिनिटांनी दुसऱ्या, टीव्हीवाल्या कंपनीचा फोन आला. भावजयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "सात बज गया. कल आठ के बाद." ठेवला, आणि नारळ खवायला बसली.

पत्राचा मराठी नमुना माझ्याकडे आहे. हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा. इथे कॉमेंटमध्ये कर्जाचा आकडा टाकू नका.