गेटवे लावला म्हणून दुकानदार सुटत नाही

ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. नवख्यांना धीर देणारा आहे, त्यामुळे जो तो पुढे पाठवतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: चांगला पेमेंट गेटवे, म्हणजे ग्राहकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन दुकानापर्यंत पोहोचवणारी सेवा, घ्या आणि ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसू द्या, की फसवणुकीची काळजी बँकेची. पेमेंटनंतर पडद्यावर 'सक्सेस' आलं की माल पाठवा. ओटीपी टाकलेला व्यवहार कधी उलटत नाही. कार्डाची माहिती आपल्याकडे नसतेच, मग चोरीला काय जाणार? छोट्या दुकानाच्या वाटेला कुणी जात नाही. आणि ग्राहकाने चुकून जास्त भरले तर तो सांगेल त्या खात्यावर लगेच परत करा, नाव टिकतं.

मी एका ऑनलाइन दुकानाचं पेमेंटचं काम बघते. या वाक्यांवर विसंबून माल आणि पैसे दोन्ही घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून मला गप्प बसवत नाही.

आधी ते 'सक्सेस'. कार्ड देणाऱ्या बँकेने तेवढ्या क्षणी इतकंच सांगितलेलं असतं की कार्ड चालू आहे, रक्कम उपलब्ध आहे आणि ती राखून ठेवली आहे. याला ऑथरायझेशन म्हणतात. कळफलकावर बोटं कुणाची आहेत हे त्यातून कळत नाही. पुढे दुकान ती रक्कम कॅप्चर करतं, म्हणजे राखलेली रक्कम प्रत्यक्ष मागून घेतं, मग बँकांमधला हिशेब (सेटलमेंट) होऊन पैसे दुकानाच्या खात्यात येतात. तरीही गोष्ट संपत नाही. 'हा व्यवहार माझा नाही' किंवा 'माल मिळालाच नाही' अशी तक्रार कार्डधारकाने केली, तर व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याच कारणांसाठी 120 दिवसांपर्यंतची मुदत आहे. तक्रार टिकली की बँक ती रक्कम दुकानाकडून परत खेचते, यालाच चार्जबॅक म्हणतात. म्हणजे खात्यात आलेली रक्कम पुढचे काही महिने कच्चीच समजायची.

आमच्याकडची एक ऑर्डर अजून डोळ्यांसमोर आहे. एकाच महागड्या वस्तूचे तीन नग, सगळ्यात जलद डिलिव्हरी. पहिली दोन कार्डं डिक्लाइन, म्हणजे बँकेने नाकारलेली, तिसरं चाललं. तासाभरात मेल आला, 'पत्ता बदलायचाय.' आम्ही बदलून दिला. सात आठवड्यांनी डिस्प्युट, म्हणजे कार्डधारकाची बँकेमार्फत तक्रार, आला. कार्ड चोरीचं होतं. माल गेला, पैसे गेले, वर चार्जबॅकचं शुल्क भरलं. ती दोन डिक्लाइन आणि तो बदललेला पत्ता गेटवेला एकत्र दिसू शकत नव्हते. पत्ता बदलल्याचा मेल आमच्याच इनबॉक्समध्ये पडला होता.

शिवाय ग्राहकाच्या ब्राउझरवर दिसणारं 'सक्सेस' पान बनावटही असू शकतं. पैसे भरून झाल्यावर ग्राहकाला दुकानाच्या साइटवर परत आणणाऱ्या लिंकमधली रक्कम किंवा स्थिती बदलून दुकानाला फसवता येतं. गेटवेच्या सर्व्हरकडून आपल्या सर्व्हरला थेट येणारा निरोप तपासायचा: निरोप गेटवेचाच असल्याची डिजिटल सही जुळते का, ऑर्डर क्रमांक तोच आहे का, रक्कम तेवढीच आहे का. हे तपासणारा कोड दुकानालाच लिहून घ्यावा लागतो.

ओटीपीबद्दलचा दावा अर्धा खरा आहे, आणि तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं. थ्री-डी सिक्युअर, म्हणजे ओटीपी वगैरे मागून खात्री करणारी कार्ड कंपन्यांची पद्धत, वापरून कार्डधारकाची ओळख पटवली असेल, तर 'मी हा व्यवहार केला नाही' या तक्रारीचा भार साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. पण माल पोहोचला नाही, भलताच आला, रिफंड कबूल करून दिला नाही, या तक्रारींना ओटीपीचं काहीही कवच नाही. त्या आपल्याच पदरात.

कार्डाची माहिती स्वतःकडे साठवू नका, त्याऐवजी टोकन (कार्ड क्रमांकाच्या जागी वापरायचा बदली क्रमांक) वापरा, हा सल्ला अगदी बरोबर. कार्डामागचा सीव्हीव्ही हा गुप्त आकडा तर ऑथरायझेशननंतर एन्क्रिप्ट करूनही (सांकेतिक रूपातही) ठेवायला पीसीआय डीएसएस या कार्डांच्या सुरक्षेच्या नियमावलीत मनाई आहे. पण त्यावरून 'चोरीला जाण्यासारखं काही नाही' हा निष्कर्ष निघत नाही. माहिती साठवली नाही तरी ती टाइप कुठे होते? 2018 साली ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर चोरांनी जावास्क्रिप्टच्या, म्हणजे पानावर चालणाऱ्या कोडच्या, जेमतेम 22 ओळी घुसवल्या. ग्राहक कार्डाचा तपशील भरत होते आणि त्याची प्रत गुपचूप दुसऱ्याच पत्त्यावर जात होती. चार लाखांहून जास्त ग्राहकांची माहिती धोक्यात आली, आणि 2020 मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने 2 कोटी पौंडांचा दंड ठोठावला. कुलपाने यातलं काहीच अडवलं नाही, कारण कुलूप फक्त वाटेतली वाहतूक झाकतं. पान गेटवेचं असलं तरी तिथे पाठवणारं बटण आपल्याच साइटवर असतं, आणि ते बटण भलतीकडे वळवता येतं. कुलूप म्हणजे भरवसा असा समज इतका पसरला होता की 2023 मध्ये गूगलने क्रोममधून ते चिन्हच काढून टाकलं. पीसीआयच्या चौथ्या आवृत्तीत पेमेंटच्या पानावर कोणकोणत्या स्क्रिप्ट (असे कोडचे तुकडे) चालतात याची यादी ठेवणं आणि त्यांत फेरफार झाला तर कळणं, या अटी आल्या त्या याच अनुभवातून. चॅटची खिडकी, जाहिरातींचा कोड, कुठलंसं सवलतीचं चक्र: पेमेंटच्या पानावर यातलं काही लागत नाही. काढून टाका.

'छोट्यांच्या वाटेला कुणी जात नाही' हे वाचून मात्र मी अस्वस्थ झाले. एका सकाळी डॅशबोर्ड उघडला तर पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान दर काही सेकंदांना एक ऑर्डर. सगळ्या सर्वांत स्वस्त वस्तूच्या. नावं म्हणजे अक्षरांची खिचडी, ईमेल एकाच साच्यातले. बहुतेक डिक्लाइन, मधूनच एखादी पास. या ऑर्डरी टाकणाऱ्या चोरांना वस्तू नकोच होती. चोरलेल्या कार्डांपैकी जिवंत कोणती, हे ते आमच्या दारात पारखून बघत होते. अशा वेळी प्रत्येक प्रयत्नाचं शुल्क लागू शकतं, डिक्लाइनचं प्रमाण वाढल्याने बँका खऱ्या ग्राहकांनाही नकार द्यायला लागतात, आणि पास झालेल्या कार्डांचे मालक पुढे डिस्प्युट लावतात. छोटं दुकान त्यांना सोयीचं असतं, कारण तिथे बहुधा रोखणारं काही नसतं. आम्ही त्याच सकाळी पास झालेले सगळे व्यवहार स्वतःहून रिफंड केले. मग एका ठिकाणाहून होणाऱ्या प्रयत्नांवर मर्यादा घातली, समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखणारा कॅप्चा लावला, आणि 'सीव्हीव्ही चुकला', 'मुदत चुकली' असं नेमकं कारण दाखवणं बंद केलं. ती कारणं म्हणजे चोराला आयती उत्तरपत्रिका होती.

आता कुणी म्हणेल, मग शंका आली की ऑर्डर रद्दच करावी. तेही नको. दुसऱ्याच्या पत्त्यावर भेट पाठवणारा, प्रवासातून मागवणारा, पहिल्यांदाच आलेला, हे सगळे यंत्राला संशयित दिसतात आणि बहुतेक प्रामाणिक असतात. संशय असेल तर ऑथरायझेशन घ्या, कॅप्चर थांबवा, ग्राहकाला फोन करा. फक्त फार दिवस लोंबकळत ठेवू नका, ऑथरायझेशनची मुदत संपते. आणि कार्डाच्या स्टेटमेंटवर आपल्या दुकानाचं ओळखीचं नाव येतं का ते पाहा. तिथे भलत्याच कंपनीचं नाव दिसलं म्हणून भले लोकही तक्रार करतात.

राहिली परत करायची रक्कम. आमच्याकडे एकाने ऑर्डरचे पैसे दोनदा भरले आणि तासाभरात मेल केला: चूक झाली, पण ते कार्ड आता बंद केलंय, जादाचे पैसे या बँक खात्यात टाका. मेल अतिशय नम्र होता. मी कळवलं की ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर, गेटवेच्या रिफंडनेच ते परत जातील. त्याने आणखी दोनदा आग्रह केला, मग उत्तरं थांबली. मी दोन्ही रकमा कार्डावर परत केल्या आणि माल रोखला. दोन आठवड्यांनी कार्डाच्या खऱ्या मालकाची तक्रार बँकेमार्फत आली, तेव्हा पैसे त्याच्या कार्डावर जमा झाल्याची नोंद आमच्याकडे तयार होती.