डोंगर ‘आपोआप’ जळत नाहीत

गोरेगाव-मालाडपासून मुलुंडपर्यंतच्या सोसायट्यांमध्ये एक संदेश फिरतो आहे: उपनगरांलगतचे डोंगर उन्हाळ्यात आपोआप पेटतात, पहिल्या पावसात पुन्हा हिरवे होतात, तिथे जंगल असे उरलेलेच नाही, आणि इमारती व रस्ते झाले की वणव्याचा प्रश्न मिटेल. यातले हिरवे होण्याचे तेवढे खरे आहे, आणि तेही वरवर पाहणाऱ्यापुरते.

‘आपोआप’ हा शब्द आधी तपासू. वाळलेले गवत पेटायला 200 अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते आणि मुंबईचा पारा 40 च्या आसपास थांबतो. आरे-दिंडोशीच्या बाजूला लागलेली मोठी आग 3 डिसेंबर 2018 च्या संध्याकाळची, म्हणजे ऐन थंडीच्या तोंडावरची होती. पावसाळ्यात पुरुषभर वाढलेले गवत तोवर वाळलेले असते. त्याला ठिणगी लागते ती फेकलेल्या विडीची, पेटवलेल्या कचऱ्याची किंवा मुद्दाम लावलेल्या काडीची.

म्हणूनच इमारतींनी वणवा थांबेल हे म्हणणे मला सर्वांत घातक वाटते. वस्ती डोंगरात जितकी घुसते, तितकी जंगलाची आणि माणसाची सीमारेषा लांबते, आणि ठिणग्या पडतात त्या या रेषेवरच. शिवाय ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवत असल्यामुळे आग उतारापेक्षा चढावर वेगाने धावते, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे घर तिच्या वाटेतच असते. रस्त्याने बंब टेकडीच्या पायथ्याशी पोहोचेल. उतारावरची आग मात्र आजही वनकर्मचारी आणि पाड्यांतले लोक बऱ्याचदा हिरव्या फांद्यांनी झोडपूनच विझवतात. उतारावरच्या वस्तीला पावसाळ्यातही धोका असतोच: जुलै 2000 मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसे गेली.

आता हिरवेपणाचे. दरवर्षी जळणाऱ्या उतारावर परत येते ते गवत आणि घाणेरीचे झुडूप. साग-ऐनाची कोवळी रोपे मात्र दोन-तीन वणव्यांत संपतात, आणि पुढच्या वर्षीच्या आगीला जळण वाढलेले असते. उघडी पडलेली माती पहिल्या सरींबरोबर खाली, तलाव-नद्यांकडे येते. या डोंगरांतल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या साधारण 104 चौरस किलोमीटरमध्येच विहार आणि तुळशी तलाव आहेत, आणि दहिसर व पोयसर नद्याही तिथूनच निघतात.

उरला ‘जंगलच नाही’ हा मुद्दा. वन म्हणून नोंदलेली जमीन जळाल्याने तिची नोंद जळत नाही. 1980 च्या वन संवर्धन कायद्यानुसार तिचा अन्य वापर करायला केंद्राची पूर्वपरवानगी लागतेच.

हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांना एवढेच विचारायचे आहे की, आपल्या कुंपणामागचा सुका पाला आणि कचरा डिसेंबरपूर्वी उचलला जातो का, आणि मागच्या डोंगरावर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत आधीच काढलेला पट्टा, आखली आहे का?