सावलीचा सातबारा

परवाच्या रविवारी सोमेश्वरला गेलो होतो. गंगापूर रोडची गर्दी आणि पार्किंगवाल्याशी हुज्जत नाशिककरांना पाठ आहे, ती सोडून देतो. धबधबाही सोडून देतो. मार्चमध्ये तिथे धबधब्यापेक्षा खडकच जास्त दिसतात.

गोदावरीच्या काठी सावलीचं म्हणावं असं एकच करंजाचं झाड. त्याच्या पश्चिमेला एक काका सकाळपासून सहकुटुंब पसरलेले. सतरंजीच्या चारी कोपऱ्यांवर चपला, मध्ये पातेली. आम्ही पूर्वेला, भर उन्हात बसलो. बायको म्हणाली, "थांब रे, दुपारून सावली इकडेच येईल." तिचा भूगोल पक्का आहे. दोनच्या सुमारास सावली आमच्या सतरंजीवर आली आणि तिच्या मागोमाग काका आले.

"उठा आता."

"का हो?"

"सावली आमची आहे. सकाळी सातपासून वहिवाट आहे आमची."

"काका, तुमची सावली तिकडे होती."

"तीच इकडे आलीय. झाड बदललंय का?"

काका मोजणी खात्यातून रिटायर झालेले निघाले. बुंध्यापासून पावलं टाकत त्यांनी आमच्या डब्यापर्यंत हद्द कायम केली. नाशिकला पुराचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. कमरेला लागलं की बघे जमतात, गळ्याशी आलं की दुकानदार माल हलवतात. तो मारुती निदान एका जागी उभा असतो. इथलं माप चालत आलं आणि माझ्या द्राक्षांवर पाय देता देता राहिलं.

मी म्हटलं, "नदीनं पात्र बदललं की काठची जमीन जाते ना? तशी तुमची सावली गेली."

काका क्षणभर अडखळले. "ते वेगळं. ते महसुलात येतं."

शेवटी आम्हाला पोटहिस्सा मिळाला. म्हणजे विरळ फांदीखालचा, कवडशांचा. बायकोनं माणुसकी म्हणून द्राक्षं पुढे केली. मूठभर घेत काका म्हणाले, "यानं हक्क सुटत नाही बरं का."

खरा राग काकांचा नाहीच. दहा-वीस झाडं असती तर हा माणूस झोपला असता घोरत. पण नदीकाठ सुशोभित करायचा म्हणजे आपल्याकडे पेव्हर ब्लॉक बसवायचे, रंगीत दिवे लावायचे आणि दुपारी तवा होणारी सिमेंटची बाकं मांडायची. रोपं लावतात ती फोटोपुरती. उन्हाळ्यात पाणवेलींनी पात्र हिरवं होतं, तेवढीच हिरवळ. जिला आपण 'गंगा' म्हणतो, तिच्या काठी बसायला माणसांनी सावलीसाठी भांडायचं?

साडेचारला काकांनी पसारा आवरला. पातेली गेली, चपला गेल्या. मूळ जागेवर, आता रणरणत्या उन्हात, द्रोण, पत्रावळी आणि फरसाणाच्या पिशव्या तशाच पडल्या होत्या. एक पिशवी उडत उडत पाण्याकडे निघालेली.

"काका, तुमच्या जागेवरचा कचरा राहिला."

काकांनी वळून पाहिलं. माझ्या अज्ञानाची त्यांना कीवच आली असावी.

"जागा कुठं आमची? आमची फक्त सावली होती."