‘सामानासारखं उचलून आणलंत’ या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात माझ्या मुलाला, दादूला, घेऊन आम्ही वडोदऱ्याहून नाशिकला कसे आलो ते लिहिलं होतं. त्यावर आलेली एक प्रतिक्रिया चार दिवस डोक्यातून जात नाहीये. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं आधी ठरवलं, जमलं नाही.

ज्यांच्या वाचनातून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लिहिणारे स्वतःला ‘नाशिकचाच एक अनुभवी पालक’ म्हणवतात. त्यांचं म्हणणं असं की तीव्र ऑटिझम असलेल्या मुलाला बदल झेपत नाही हे कुठल्याही पालकाला पहिल्या महिन्यातच कळतं, तरी आम्ही दादूला ऐन शाळेच्या वर्षात ‘रात्रीतून सामानासारखं उचलून दुसऱ्या राज्यात आणलं, तेही आईच्या माहेरच्या सोयीसाठी’. पुढे ते विचारतात की थेरपीत खंड पडला त्यावर लेखात एक ओळ का नाही. आणि यूडीआयडी कार्डाबद्दल, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राबद्दल, मी चुकीचं लिहिलंय, असंही.

कार्डाचं आधी मिटवते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. राज्य बदललं की नवीन कार्ड काढावं लागतं असं मी लिहिलं होतं. तसं नाही. कार्ड देशभर चालतं, स्वावलंबन पोर्टलवर फक्त पत्ता बदलून घ्यायचा. इथे एका खिडकीवर आम्हाला ‘हे गुजरातचं आहे, इथलं आणा’ असं सांगितलं गेलं आणि ते मी न तपासता लेखात घातलं. चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार.

आता त्या एका वाक्याबद्दल.

सामानासारखं. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा दादू शेजारी जमिनीवर बसून त्याच्या निळ्या मगाची कडा ओठांवर फिरवत होता. तो मग आम्ही सामानात टाकला नव्हता. ट्रक दुपारीच निघाला होता, आणि तो निळा मग, त्याची खाचांची स्टीलची ताटली, धुऊन धुऊन विरलेली चादर आणि खाखऱ्याचे सहा डबे माझ्या मांडीवरच्या पिशवीत होते. त्याच्या खोलीतला छताचा पंखासुद्धा आम्ही सोबत आणला. घरमालकांना नवा बसवून दिला आणि तो जुना, टक् टक् वाजणारा, काढून घेतला, कारण ती टकटक ऐकल्याशिवाय दादू झोपत नाही. नाशिकच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात आधी काय लागलं असेल तर तो पंखा. गॅस दुसऱ्या दिवशी जोडला.

‘रात्रीतून’ म्हणालात. हो, रात्रीच निघालो, आणि त्यामागे महिनाभराची तयारी होती. चार शनिवार आम्ही त्याला रात्री जेवणानंतर गाडीत बसवून जवळच्या हालोलपर्यंत नेऊन परत आणलं. पहिल्या शनिवारी अर्ध्या वाटेतून फिरावं लागलं, तो काचेवर डोकं आपटायला लागला. चौथ्या शनिवारी तो झोपला. मग आम्ही तारीख ठरवली. सापुताऱ्याच्या घाटात वळणांनी त्याला उलटी झाली, कपडे बदलले, तो रडला, परत झोपला. उजाडताना वणीजवळ होतो. हे सगळं मागच्या लेखात नव्हतं, कारण तो लेख कागदपत्रांबद्दल होता. पण जे लिहिलेलं नाही ते केलेलंच नाही, असं तुम्ही गृहीत धरलंत. एवढ्या खात्रीनं दुसऱ्याच्या आईपणावर बोट ठेवताना आधी एक प्रश्न विचारता आला असता.

‘त्याला बदल झेपत नाही.’ हे मला कुणी सांगावं लागत नाही. दादू १३ वर्षांचा आहे, एक शब्द बोलत नाही. भारतात ऑटिझम मोजायला जी आयएसएए चाचणी वापरतात तिच्यात ४० मुद्दे असतात आणि १५३ च्या वर गुण गेले की ऑटिझम तीव्र धरतात. दादूचे १६१ आहेत. घरातली खुर्ची सरकवली तरी त्याला कळतं. मी त्याला १३ वर्षं बघतेय. तुम्ही त्याला एका लेखातून बघितलंत.

आणि मी जे बघितलंय त्यातून सांगते. आमच्या दादूला न झेपणारा सगळ्यात मोठा बदल घराच्या पत्त्याचा नव्हता. तो स्वतःच बदलत होता. नवव्या वर्षी त्याला राग आला की मी त्याला मिठीत घट्ट धरून ठेवू शकत होते. आज त्याचं वजन ५८ किलो आहे, माझं ५२.

तुम्ही माहेरची सोय म्हणालात म्हणून ती रात्र सांगते. आधी कधी लिहिली नव्हती, लिहायची इच्छाही नव्हती. माझे यजमान कामासाठी दहेजला गेले होते. रात्री अडीचच्या सुमाराला दादू उठला आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला. दाढ दुखत होती हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं. मी भिंत आणि त्याच्यामध्ये उशी धरायला गेले, त्यात माझं मनगट मोडलं. डाव्या हाताने त्याला धरू की फोन करू हेच कळेना. शेजारी आले ते आवाज कमी करा म्हणायला आले. सोसायटीची नोटीस त्यानंतर आठवड्याने आली. त्या रात्री मी नाशिकला भावाला फोन लावला. तो म्हणाला, ‘ताई, मी निघतो गं, पण पोचेपर्यंत सकाळचे दहा-अकरा होतील.’ आणि तो खरंच निघाला. अकरा वाजता दारात उभा होता. तोपर्यंतचे आठ तास मी स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून, सुजलेला हात मांडीवर ठेवून बसले होते. दादू समोर फरशीवर झोपला होता, कपाळावर रक्त वाळलेलं.

याला तुम्ही सोय म्हणता. म्हणा. मला भावाच्या घरापासून दहा मिनिटांवर राहायचं होतं आणि मी ते मिळवलं. मुलाला सांभाळणाऱ्या बाईची सोय आणि मुलाची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरी रात्री अडीचला दुसरं कुणीतरी उठत असावं. हे वाक्य जरा लागेल, मला माहीत आहे. तुमचंही लागलं होतं.

अजून एक कारण आहे. दादू १८ वर्षांचा झाला की कायद्याच्या नजरेत तो सज्ञान, आणि आम्ही आई-बाप असलो तरी आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाही. ऑटिझमसारखं दिव्यांगत्व असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्याखाली स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. तिथे रीतसर अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. आमच्या दोघांनंतर ते कुणाच्या नावे जाणार? वडोदऱ्यात आम्हाला अकरा वर्षांत चांगली माणसं भेटली, पण अशा कागदावर सही करणारं कुणी नव्हतं. इथे भाऊ आहे, भावजय आहे, आणि त्यांची मुलगी दादूला ‘दादा’ म्हणते. तिच्या हातचं तो खातो. दादूला हे घर पाच वर्षांनी अचानक दाखवायचं, की आत्ताच, हळूहळू? आम्ही आत्ता निवडलं.

तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. शाळेच्या वर्षाचं म्हणाल तर दादूचं वर्ष जूनपासून मार्चपर्यंत चालत नाही, त्याला परीक्षा नाही, इयत्ता नाही. थेरपीत खंड पडला, साधारण तीन महिन्यांचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याला १८ वर्षांपर्यंत जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय, आणि इथल्या दोन ठिकाणी फोनवरच ‘तीव्र असेल तर नको’ म्हणून सांगितलं गेलं. त्या तीन महिन्यांची वही माझ्याकडे आहे, रोजची नोंद आहे. तिचा हिशेब मी इथे मांडणार नाही.

पण जे लिहायला हवं होतं आणि राहिलं, ते इथे लिहिते, कारण वडोदरा-सुरतहून इकडे यायच्या विचारात असलेल्या दोघीजणींचे मेल आले आहेत. भाषेचा विचार आधी करा. आम्ही घरात मराठीच बोलतो, तरी दादूच्या सगळ्या सूचना गुजरातीत पक्क्या झाल्या होत्या, कारण तिथल्या मॅडम गुजराती. ‘बस’ म्हटलं तर तो उभाच राहतो, ‘बेसी जा’ म्हटलं की बसतो. इथल्या नव्या मॅडमना मी दहा-बारा शब्द देवनागरीत लिहून दिले. त्यांनी तो कागद भिंतीवर चिकटवला आणि पहिल्या दिवसापासून त्याला ‘आव, दादू’ म्हणाल्या. न बोलणाऱ्या मुलाला दाखवायची चित्रांची कार्डं आहेत तीच ठेवा, नवी आणू नका. निरामय हा आरोग्य विमा राष्ट्रीय न्यासाचा आहे, एक लाखापर्यंतचा, तो राज्य बदललं तरी चालू राहतो, फक्त नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. राज्याच्या मदतीचं मात्र वेगळं. इथल्या संजय गांधी निराधार योजनेला महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं, त्यावर भिस्त ठेवून येऊ नका. आणि थंडी. आम्ही दिवाळीनंतर आलो. नाशिकची थंडी वडोदऱ्याच्या मुलाला ठाऊक नाही आणि दादू स्वेटर अंगाला लावू देत नाही. शेवटी लेबलं कापलेले जुने सुती टी-शर्ट एकावर एक तीन घातले, तेवढ्यावर जानेवारी निघाला.

तुम्ही पालक आहात असं लिहिलंत, म्हणून एवढं लांब उत्तर. बाहेरच्या कुणी असं लिहिलं असतं तर मी वाचून सोडून दिलं असतं. आपल्यातल्या माणसाने लिहिलं म्हणून जास्त लागलं. पुढच्या वेळी माझी माहिती चुकली तर जरूर सांगा, मी दुरुस्त करीन. माझ्या मुलासाठी ‘सामान’ हा शब्द मात्र परत या पानावर दिसला तर प्रतिक्रिया काढून टाकीन, हे आत्ताच सांगून ठेवते.

साडेपाच वाजत आलेत. भाऊ आता येईल. रोज या वेळी तो दादूला पांडवलेण्याच्या पायथ्याशी फिरायला नेतो. दादू पायऱ्या चढत नाही, पहिल्या पायरीला हात लावतो आणि परत फिरतो. मोटारसायकलचा आवाज कोपऱ्यावरून आला की तो आपणहून चपला आणून माझ्या पायाशी ठेवतो. वडोदऱ्यात त्याने चपला कधी स्वतः आणल्या नव्हत्या.