‘दर नाही, नुसते सळयांचे फोटो’ : आमच्या वेबसाइटवरच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

दोन स्टार दिलेत आणि कारणंही सविस्तर लिहिलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. तुमचं म्हणणं असं, की आमच्या वेबसाइटवर चौरस फुटाचा दर कुठेच नाही, फोटो बघावेत तर खड्डे आणि सळया, तयार बंगले जेमतेम दोन-चार, आणि साइट दिसायला फारच साधी. बाकीचे कॉन्ट्रॅक्टर पहिल्याच पानावर दर टाकतात, मग तुम्ही का नाही, असं विचारलंत.

आधी दराचं सांगतो. आम्ही सांगली जिल्ह्यात घरं बांधतो. जत भागात बऱ्याच ठिकाणी थोडं खणलं की मुरूम नाहीतर खडक लागतो. पलूस-वाळव्याकडे नदीकाठाला काळी माती संपता संपत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया घेऊन खाली जावंच लागतं. सांगलीवाडीला तर पुराचा हिशेब वेगळा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथला घरमालक पहिल्यांदा जोतं किती उचलायचं तेच विचारतो. जोतं उचललं की भराव वाढला, खालचं बांधकाम वाढलं, कॉलमची उंची वाढली. वरचं घर तिन्ही ठिकाणी एकाच नकाशाचं असलं तरी जमिनीजवळचा खर्च सारखा येत नाही. मग पहिल्या पानावर आकडा कोणत्या गावचा लिहायचा?

शिवाय फूट स्लॅबचा की कार्पेटचा, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचा? जिना आणि बाल्कनी पूर्ण धरली की अर्धी? पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड आत की बाहेर? मटेरियलसह कामावर 18 टक्के जीएसटी लागतो, तो दरात धरलाय की वर? यातलं एक उत्तर बदललं की तोच दर स्वस्त वाटायला लागतो. म्हणून आम्ही ‘खर्च’ या पानावर एका पूर्ण झालेल्या घराचं अख्खं एस्टिमेट ठेवलंय, मालकांना विचारून, नाव-पत्ता काढून. खोदाईपासून रंगापर्यंत प्रत्येक कामाचं माप, दर आणि रक्कम त्यात आहे. रिव्ह्यूवरून वाटतं, ते पान तुमच्याकडून उघडायचं राहिलं. ते जरूर वाचा.

आता फोटो. वेबसाइट करून देणाऱ्यांनी आम्हाला पहिला नमुना दाखवला, त्यात काचेचे टॉवर आणि पिवळ्या हेल्मेटमधली परदेशी माणसं होती. आम्ही ते सगळं काढायला लावलं. इलेव्हेशन, म्हणजे घराचं समोरून दिसणारं रूप, आर्किटेक्टचं असतं, टाइल्स मालकांच्या पसंतीच्या असतात. आमचं खरं काम गिलावा झाला की कायमचं झाकलं जातं, आणि मालकाला शंका असते ती नेमकी तिथेच. कॉलमचा एक फोटो मोठा करून बघा. रिंगांवर टेप धरलेला आहे, दोन रिंगांमधलं अंतर वाचता येतं, आणि सळईला बांधलेले 40 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक दिसतात. ते ब्लॉक नसले तर सळई साच्याच्या फळीला टेकते, तिच्यावर काँक्रीटचं आवरण राहत नाही आणि ती पुढे गंजते. प्रत्येक फोटोखाली तालुका, पायाची खोली, स्लॅब टाकल्याची तारीख आणि सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेके, काढल्याची तारीख दिली आहे. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) स्लॅबखालचे टेके किमान 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस ठेवायचे असतात. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर पाणी किमान 10 दिवस मारावं लागतं. तारखा समोर आहेत, कुणीही ताडून बघावं. घर बांधणारा माणूस आयुष्याची पुंजी आमच्या हातात देतो, त्याला एवढं बघायला मिळालंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

साइट साधी आहे हे खरं, आणि ती तशीच राहणार. आमचे बहुतेक गिऱ्हाईक मोबाइलवरच बघतात, तेही शेतातून, रेंज एक-दोन काड्यांची असताना. मोबाइलवर काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो, तसे वीस फोटो टाकले तर पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून जातो. आम्ही प्रत्येक फोटो दोनशे केबीच्या आत आणलाय, हलणारी चित्रं ठेवली नाहीत, आणि नंबरवर बोट ठेवलं की थेट फोन लागतो. मजकूर मराठीत आहे, कारण मुलगा पुण्याहून लिंक पाठवतो आणि निर्णय गावाकडे आई-वडील घेतात.

तुमचा प्लॉट कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. नकाशा आणि माती परीक्षणाचा रिपोर्ट असेल तर घेऊन या. नसेल तर आधी जागा बघू, एका कोपऱ्यात खड्डा घेऊ आणि मग कामवार एस्टिमेट लेखी देऊ. त्याचे पैसे घेत नाही, काम आम्हालाच द्या असंही नाही. आणि दुसरीकडून कोटेशन आलं असेल तर त्यात पायाची खोली आणि जोत्याची उंची लिहिली आहे का, ते सही करण्याआधी बघून घ्या. लिहिलेली नसेल तर त्यांच्याकडून लिहून घ्या.