शिकवलेले मूल बंदुकीला हात लावत नाही, हा दावा खोटा आहे

गेल्या रविवारी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर माझ्या आतेभावाने एक संदेश पुढे पाठवला आणि खाली लिहिले, ‘अगदी पटले.’ दादाचा झवेरी बाजारात व्यवसाय आहे, त्याच्याकडे परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे आणि घाटकोपरच्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे. हाच संदेश गेल्या महिन्याभरात मला आणखी दोन ठिकाणांहून आला होता आणि तेव्हा मी तो वाचून सोडून दिला होता. आता तसे करणे मला शक्य नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: जबाबदार पालकांना घरातील शस्त्र कुलुपात ठेवण्याची गरज नसते, कारण लहानपणीच ओळख करून दिलेले मूल शस्त्राला हात लावत नाही, कुलुपातले शस्त्र चोर आल्यावर निरुपयोगी ठरते, परवाना मिळाल्यावर ते कुठे ठेवावे हा मालकाचा खासगी प्रश्न आहे आणि मुलाच्या कृत्याला आईवडील जबाबदार नसतात, शिवाय आपल्या पूर्वजांच्या घरांत भिंतीवर शस्त्रे टांगलेली असत, तेव्हा कुठे मुले मेली?

पूर्वजांचा मुद्दा आधी बाजूला करते. खंडेनवमीला आमच्या आजोळीही तलवार पूजेत असे आणि आम्ही मुले तिला नमस्कार करत असू, हे खरे आहे. पण ती जड तलवार म्यानातून उपसण्याचीही ताकद आमच्या हातांत नव्हती, तर भरलेल्या रिव्हॉल्व्हरला एका बोटाचा दाब पुरतो. या दोन वस्तूंची तुलना करणाऱ्याने काडतूस कधी हातात घेतलेले नसावे.

खरा घातक मुद्दा पहिला आहे, कारण तो पालकांना सुखावतो. आपले मूल समजूतदार आहे, आपण सांगितलेले ते ऐकते, असे कोणत्या आईवडिलांना वाटत नाही? नेमकी हीच समजूत अमेरिकेतील अटलांटा येथील संशोधकांनी तपासून पाहिली आणि २००१ मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या बालरोगविषयक नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८ ते १२ वर्षे वयाच्या ६४ मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटांत एका खोलीत जास्तीत जास्त पंधरा मिनिटे ठेवण्यात आले. खोलीतील एका खणात खरे, पण गोळ्या नसलेले पिस्तूल लपवलेले होते आणि संशोधक एकतर्फी काचेतून पाहत होते. ४८ मुलांना ते पिस्तूल सापडले, त्यांपैकी ३० जणांनी ते हाताळले आणि १६ जणांनी चाप ओढला. ज्यांना ते सापडले, त्यांतील जवळजवळ निम्म्या मुलांना ते खेळण्यातले वाटले किंवा खरे आहे याची खात्री नव्हती. आणि दादाने पुन्हा पुन्हा वाचावे असे वाक्य पुढे आहे: पिस्तूल हाताळणाऱ्या किंवा चाप ओढणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी आपल्याला बंदुकीच्या सुरक्षिततेविषयी पूर्वी काही ना काही शिकवले गेले असल्याचे सांगितले. ही वाया गेलेली मुले नव्हती, शिकवलेलीच मुले होती.

आपल्याकडची मुले वेगळी असतील, असे मानायला मला तरी आधार दिसत नाही. आपण दर दिवाळीला त्यांच्या हातात टिकल्यांचे पिस्तूल देतो, चाप ओढल्यावर आवाज आला की कौतुकाने हसतो, आणि मग लोखंडी कपाटात साड्यांखाली सापडलेले पिस्तूल ते वेगळे मानतील अशी अपेक्षा धरतो. कपाटाची चावी देव्हाऱ्यामागे असते, हे मुंबईच्या छोट्या घरातील मुलाला वहिनीइतकेच ठाऊक असते. एवढ्याशा जागेत ‘लपवून ठेवले आहे’ या शब्दांना अर्थ उरत नाही. मुलांशी शस्त्राबद्दल बोलावे, ते दिसले तर हात न लावता मोठ्यांना हाक मारायला शिकवावे, इतके मी मान्य करते. पण ते कुलपाच्या जोडीला, कुलपाऐवजी नव्हे.

चोराच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. कुलूप उघडायला वेळ लागतो. तो वेळ आकड्यांच्या कुलपाच्या, भिंतीला पक्क्या बसवलेल्या छोट्या तिजोरीत काही सेकंदांवर येतो, आणि निवडणुकीच्या काळात हेच रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा असते तेव्हा दादाचे कुटुंब कित्येक आठवडे त्याच्याविना निर्धास्त झोपते. उलट भरलेले शस्त्र हाताशी असण्याचा धोका जाणत्या मालकालाही चुकत नाही: १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे जुहू येथील घरी अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्याच पायाला लागली.

आता ‘खासगी प्रश्न’. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्यानुसार नेमबाजीच्या सरावासारखे अपवाद सोडता २१ वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही, आणि परवान्याच्या अटी मोडणे हा गुन्हा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांखाली अर्जदाराला शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र द्यावे लागते. निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहेच. अमेरिकेतील कायदा आपल्याला लागू नाही, तरी जिथे बंदूक बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क आहे तिथे काय झाले, हे संदेश लिहिणाऱ्याने पाहायला हवे होते: मिशिगनमधील ऑक्सफर्डच्या शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ रोजी एका १५ वर्षांच्या मुलाने, वडिलांनी चारच दिवसांपूर्वी विकत घेतलेल्या पिस्तुलातून गोळ्या झाडून चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला, आणि २०२४ मध्ये त्याचे आई आणि वडील दोघेही मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरून प्रत्येकी १० ते १५ वर्षांसाठी तुरुंगात गेले. पिस्तुलाला लावायचे कुलूप त्यांच्या घरात होते. ते वापरलेलेच नव्हते.

मी हे सर्व दादाला फोनवर सांगितले. तो म्हणाला, ‘अगं, आमचा मुलगा तसा नाही.’ मी वहिनीला फोन द्यायला सांगितला आणि काडतुसे कुठे आहेत एवढेच विचारले. ती म्हणाली, ‘त्यातच आहेत.’ ती आजच काढून वेगळ्या कुलपात ठेवावीत, त्या कुलपाची चावी दादाने स्वतःजवळ बाळगावी आणि रिव्हॉल्व्हरसाठी या आठवड्यात तिजोरी बसवून घ्यावी, असे मी दोघांनाही लेखी कळवले आहे. आणि ज्या गटावर तो संदेश आला, त्याच गटावर हे उत्तरही टाकत आहे.